‘बॉयकॉट’ म्हणायचा तुम्हाला हक्क नाही

‘बॉयकॉट’ हे क्रियापद आज ज्याच्या त्याच्या तोंडी आहे. नटाने काही विधान केले की त्याच्या सिनेमाचा बॉयकॉट, कंपनीची जाहिरात खटकली की तिच्या साबणाचा बॉयकॉट. त्याबद्दल माझी तक्रार नाही. कुणी कोणता साबण वापरावा आणि कोणत्या सिनेमाचे तिकीट काढू नये, हे ज्याचे त्याने ठरवावे. पण देवस्थानाच्या जमाखर्चाचा हिशोब मागितला म्हणून एका कुटुंबाशी अख्ख्या गावाचे बोलणे तोडणारा रायगड जिल्ह्यातला एक पंच मला जेव्हा ऐकवतो, ‘आम्ही वाळीतबिळीत टाकलेलं नाही, फक्त बॉयकॉट केलाय’, तेव्हा गप्प बसणे मला शक्य नाही. वाळीत टाकणे हा गुन्हा आहे हे त्या गृहस्थाला पक्के ठाऊक होते. म्हणून त्याने इंग्रजी शब्दाचा आडोसा घेतला. तो आडोसा मला काढून घ्यायचा आहे. हा शब्द कुठे जन्मला, कुणाच्या हातून आणि कुणाविरुद्ध, हे ज्याला माहीत आहे त्याची जीभ असे बोलायला धजावणार नाही.

हे क्रियापद एका माणसाच्या आडनावावरून आले, एवढे बहुतेकांनी कुठेतरी वाचलेले असते. तो माणूस कोण, त्याच्याशी असे कोण वागले आणि का, हे विचारायची तसदी मात्र कुणी घेत नाही.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा इंग्लंडमधल्या नॉरफोकचा, 1832 सालचा जन्म. तरुणपणी दोनेक वर्षे सैन्यात होता. लोक त्याला कॅप्टन म्हणत, पण तो हुद्दा त्याला सैन्यात कधी मिळालेला नव्हता. 1873 मध्ये तो आयर्लंडच्या पश्चिमेला, मेयो परगण्यात, लॉक मास्क सरोवराच्या काठी राहायला आला. लॉर्ड अर्न या जमीनदाराचा तो कारभारी. कुळांकडून खंड वसूल करायचा, थकला की त्यांना जमिनीवरून उठवायचे, हे त्याचे काम. स्वतःची मोठी शेतीही तिथे होती. मजूर उशिरा आला की दंड, फाटक उघडे राहिले की दंड, कुळाची कोंबडी हद्दीत शिरली की दंड. मालकाने हुकूम द्यावा आणि कुळाने मान खाली घालावी, ही ईश्वरी व्यवस्थाच आहे अशी त्याची खात्री होती. कोकणात ज्यांच्या आज्यापणज्यांनी खोतांचे मुकादम पाहिले, त्यांना हा माणूस वेगळा समजावून सांगायला नको.

काळ कसा होता तेही पाहा. 1845 पासूनच्या बटाट्याच्या दुष्काळात आयर्लंडमध्ये सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. माणसे मरत होती तेव्हाही बंदरांतून धान्य बाहेर जात होते आणि घराघरांतून कुळे हुसकली जात होती. मायकेल डेव्हिट हा त्याच मेयोमधला. तो चार वर्षांचा असताना त्याच्या कुटुंबाला घराबाहेर काढले गेले. पोटासाठी इंग्लंडला गेलेल्या या कुटुंबातल्या मुलाचा उजवा हात अकराव्या वर्षी कापडगिरणीच्या यंत्रात गेला. हा एका हाताचा माणूस पुढे परत आला आणि 21 ऑक्टोबर 1879 रोजी डब्लिनमध्ये लँड लीगची स्थापना झाली. अध्यक्ष चार्ल्स स्टुअर्ट पार्नेल. मागणी साधी होती: खंड वाजवी असावा, खंड भरणाऱ्याला जमिनीवरून उठवू नये, आणि आपला हक्क विकायची कुळाला मुभा असावी. त्याच साली पीक पुन्हा बुडाले होते.

1880 च्या सुगीला लॉर्ड अर्नने खंडात दहा टक्के सूट दिली. कुळांनी पंचवीस टक्के मागितली. मालक हटला नाही. बॉयकॉटने अकरा कुळांवर जमीन सोडण्याच्या नोटिसा काढल्या. 22 सप्टेंबरला बेलिफ पोलीस घेऊन गावात शिरला. काही नोटिसा बजावून झाल्या. मग एका घरच्या बाईने नोटीस घ्यायला नकार दिला आणि आजूबाजूच्या बायकांना खूण केली. बायका धावून आल्या. दगड, चिखल, शेणखत, हाताला लागेल ते त्यांनी फेकले, आणि बेलिफला पोलिसांसकट बॉयकॉटच्या घरात पळून दार लावून घ्यावे लागले. या क्रियापदाच्या मुळाशी मेयोच्या या शेतकरी बायका आहेत. ज्या गावकीच्या बैठकीत बाईला पाय टाकू देत नाहीत, तिथल्या पंचांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी.

दुसऱ्या दिवसापासून जे घडले ते साऱ्या जगाने पाहिले. घरातले नोकर निघून गेले. शेतावरचे मजूर निघून गेले. लोहार घोड्याला नाल ठोकेना, धोबीण कपडे नेईना, बॅलिनरोबचे दुकानदार पाव विकेनात, टपाल आणणाऱ्या पोराने येणे थांबवले. कुणी बॉयकॉटचा खून केला नाही, घर जाळले नाही. ज्या हातांवर त्याचे साम्राज्य उभे होते ते हात फक्त मागे घेतले गेले. बटाटे, बीट, सलगम जमिनीत कुजायला लागले.

आणि बॉयकॉटचे काय झाले? त्याने लंडनच्या ‘द टाइम्स’ला पत्र लिहिले आणि ते 18 ऑक्टोबरला छापून आले. एका कारभाऱ्याचे गाऱ्हाणे साम्राज्याच्या सर्वांत मोठ्या वर्तमानपत्रात! त्याच्यासाठी निधी उभा राहिला. कॅव्हन आणि मोनाहन परगण्यांतून पन्नास ऑरेंजमन (ब्रिटिशनिष्ठ प्रोटेस्टंट) स्वयंसेवक त्याचे पीक काढायला आले आणि त्यांच्या रक्षणासाठी सरकारने सुमारे हजार सैनिक आणि पोलीस तैनात केले. पाचशेएक पौंडांचे पीक काढायला दहा हजार पौंडांच्या आसपास खर्च झाला. नोव्हेंबरच्या शेवटी बॉयकॉट कुटुंबासह लष्कराच्या गाडीतून बाहेर पडला, कारण त्याला न्यायला एकही स्थानिक गाडीवान तयार नव्हता. डब्लिनमध्ये त्याला हॉटेल मिळाले. पुढच्याच वर्षी तो परतलाही, आणि 1886 मध्ये इंग्लंडमधल्या सफोकमध्ये दुसऱ्या जमीनदाराकडे कारभाऱ्याची नोकरी धरून 1897 साली तिथेच मरण पावला. हे तपशील मी मुद्दाम दिले. पहिला ‘बॉयकॉट’ ज्याच्यावर झाला त्या माणसाकडे सैन्य होते, वर्तमानपत्र होते, पैसा होता आणि जायला दुसरा देश होता. तो उपाशी राहिला नाही. त्याच्या मुडद्याला खांदा द्यायला कुणी आले नाही, अशी वेळ त्याच्यावर कधी आली नाही.

शब्द कसा झाला, त्याची हकिकत अमेरिकन पत्रकार जेम्स रेडपाथने सांगितली आहे. तो तिथल्या फादर जॉन ओमॅली या पाद्र्याबरोबर जेवायला बसला होता. जमीनदाराला किंवा त्याच्या कारभाऱ्याला लोक असे एकटे पाडतात त्याला काय म्हणावे, हा प्रश्न निघाला. ग्रीक मुळाचा एक भारदस्त इंग्रजी शब्द समोर होता, पण तो शेतकऱ्याच्या तोंडी बसणार नाही, असे पाद्र्याला वाटले. मग त्यानेच सुचवले, त्या कारभाऱ्याच्या नावाचेच क्रियापद करू या. ऑक्टोबर 1880 मध्ये रेडपाथने ते छापले, आणि 20 नोव्हेंबरला खुद्द ‘द टाइम्स’च्या बातमीत ते आले. मालकाच्या माणसाचे नाव कुळांनी क्रियापद करून टाकले. पुढच्या काही वर्षांत फ्रेंच, जर्मन, रशियन, डच भाषांनी ते जसेच्या तसे उचलले. याला मी कष्टकऱ्यांनी भाषेवर केलेली स्वारी म्हणतो, आणि ती फत्ते झाली.

आता मला न आवडणारी गोष्टही सांगितली पाहिजे, कारण माझे विरोधक तीच पुढे करतील. बॉयकॉटचा किस्सा घडण्याच्या तीनच दिवस आधी, 19 सप्टेंबर 1880 ला, पार्नेलचे एनिस गावी गाजलेले भाषण झाले. त्यात निशाण्यावर जमीनदार नव्हता. हुसकलेल्या कुळाची जमीन जो दुसरा शेतकरी घेईल, त्याला रस्त्यात, बाजारात, दुकानात, प्रार्थनास्थळातसुद्धा टाळा, जुन्या काळी महारोग्याला टाळत तसे टाळा, असे पार्नेलने सांगितले. म्हणजे हे हत्यार पहिल्यापासून दुधारी होते. लँड लीगच्या नावाखाली आयर्लंडच्या खेड्यांत जुनी भांडणे उकरली गेली, गरिबांनी गरिबांनाही छळले. हे खरे आहे आणि मी ते झाकणार नाही. पण नीट पाहा: फितूर होणाऱ्या शेतकऱ्याला टाळण्याची हाक जमीनदाराची सत्ता मोडण्यासाठी दिलेली होती. ती योग्य होती की नाही यावर मी रात्रभर वाद घालीन. महारोग्याची उपमा तर मला घाणेरडीच वाटते. पण मेयोत जे क्रियापद झाले ते फितुराच्या नावाचे झाले नाही. ते कारभाऱ्याच्या नावाचे झाले. लोकांनी स्वतःच निवड केली की या कृतीला कुणाचे नाव लागावे.

आणि ही कृती आयर्लंडमध्येच पहिल्यांदा झाली असे मानणाऱ्या मराठी माणसाला स्वतःचा इतिहास माहीत नाही. डिसेंबर 1874. मेयोच्या सहा वर्षे आधी. पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यातले करडे गाव. काळूराम नावाच्या सावकाराने तिथल्या बाबासाहेब देशमुखांविरुद्ध कोर्टाचा हुकूमनामा मिळवला, अवघ्या दीडशे रुपयांच्या कर्जापोटी, आणि त्यांचे घर पाडायला घेतले. गावाने सावकाराची मनधरणी केली. तो बधला नाही. मग गावकऱ्यांनी सावकारांच्या दुकानातून काही घेणे बंद केले. त्यांची शेते कसायला कुणी जाईना. न्हावी, परीट, सुतार, लोहार, चांभार, सगळ्या बलुतेदारांनी काम थांबवले. घरगडी निघून गेले. बघता बघता हे लोण पुणे, नगर, सोलापूर, साताऱ्याच्या गावांत पसरले. पुढे 12 मे 1875 ला सुपे इथे दंगा पेटला, कर्जरोख्यांच्या होळ्या झाल्या, आणि सरकारला 1879 चा दक्षिणेतला शेतकऱ्यांच्या कर्जनिवारणाचा कायदा करावा लागला. इथेही एक खोट होती आणि ती सांगायला हवी: रोष मुख्यतः बाहेरून आलेल्या सावकारांवर होता, गावातला आपला सावकार सुटला. पण मूळ कृती पाहा. लोहार आणि धोबी, शिरूरला आणि मेयोला, एकाच दिशेला उभे होते. कर्जदाराच्या आणि कुळाच्या बाजूला. या दंग्यांची चौकशी करायला सरकारी आयोग बसला, अहवाल निघाला. क्रियापद मात्र निघाले नाही.

निघाले नाही याला कारण आहे. आपल्याकडे त्या कृतीसाठी आधीच एक शब्द होता आणि तो वरून खाली चालणारा होता. बहिष्कार. जातीबाहेर टाकणे. रोटी बंद, बेटी बंद, पाणी बंद. त्यासाठी धर्मपीठे होती, पंचायती होत्या, ग्रामण्ये (जातीतून टाकण्यावरून पेटणारे वाद) होती. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळींनी चहा घेतला, त्यांची नावे छापली गेली आणि पुण्यात ग्रामण्य पेटले. टिळक आणि रानडे या दोघांनाही ते भोवले. रानड्यांसारख्या हायकोर्टाच्या पातळीच्या माणसाला प्रायश्चित्त घ्यावे लागले. रानडे निभावले, त्यांना हे परवडले. त्यांच्या जागी दुसरा कुणी साधा कारकून असता तर त्याच्या मुलींची लग्ने अडली असती.

मग 1905 आले. बंगालच्या फाळणीविरुद्ध कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये 7 ऑगस्टला विलायती मालाच्या बॉयकॉटचा ठराव झाला. पुण्यात सावरकरांनी विलायती कपड्यांची होळी केली. टिळकांच्या चतुःसूत्रीत स्वदेशी, राष्ट्रीय शिक्षण आणि स्वराज्य यांच्या जोडीला ‘बहिष्कार’ बसला. आयरिश कुळांचा शब्द भाषांतरित करायला आमच्या पुढाऱ्यांना जातपंचायतीचा शब्द सापडला. त्यांना पर्याय नव्हता असे मला सांगू नका. जो शब्द शतकानुशतके महार, मांग, चांभारांच्या वस्त्यांवर आणि जातीबाहेर लग्न करणाऱ्यांच्या घरावर चालवला गेला, त्यालाच स्वातंत्र्यलढ्याचे तेज चढवले गेले. साम्राज्याला हादरवणाऱ्या कृतीला आणि तहानलेल्या माणसाला पाणवठ्यावरून हाकलणाऱ्या कृतीला मराठीत एकच नाव पडले. गेली शंभर वर्षे पंच लोक याच गोंधळावर जगत आहेत.

हा गोंधळ एका माणसाने पहिल्यापासून ओळखला. डॉ. आंबेडकरांनी 1924 साली संस्था काढली तिचे नाव बहिष्कृत हितकारिणी सभा, आणि 3 एप्रिल 1927 ला पाक्षिक सुरू केले त्याचे नाव ‘बहिष्कृत भारत’. टिळकांच्या शब्दाची दुसरी बाजू त्यांनी मथळ्यावर छापली. त्याच्या दोनच आठवडे आधी, 20 मार्चला, महाडच्या चवदार तळ्यावर ते पाणी प्यायले होते. त्यानंतर कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यातल्या गावागावांत काय झाले? मारहाण झालीच, पण मारहाणीपेक्षा जास्त टिकले ते गावाचे तोंड फिरवणे. काम बंद, उधारी बंद, वाट बंद.

मुंबई इलाख्याच्या सरकारने 1928 मध्ये स्टार्ट समिती नेमली, आंबेडकर तिचे सदस्य होते, आणि 1930 च्या अहवालात याचे वर्णन आहे. ते वाचून माझ्या अंगावर काटा आला, कारण त्यातले कारण न कारण आजही लागू पडते. अस्पृश्यांपैकी बहुतेक जण सवर्णांच्या जमिनी मर्जीवर कसतात किंवा त्यांच्या शेतावर राबतात. उरलेल्यांचे पोट गावाच्या चाकरीच्या भाकरीवर. त्यांनी जरा मान वर केली की जमीन काढून घेतली जाते, काम थांबते, वाण्याच्या दुकानातून मीठ-मिरची मिळत नाही. आणि मान वर करणे म्हणजे काय? विहिरीवर पाणी भरणे. जमिनीचा तुकडा विकत घेणे. चांगले कपडे, दागिने घालणे. नवऱ्या मुलाची वरात घोड्यावरून काढणे.

आंबेडकरांनी यावर काय केले ते मराठी वाचकाला शाळेत शिकवत नाहीत, म्हणून इथे लिहितो. गोलमेज परिषदेपुढे त्यांनी आणि रावबहादूर श्रीनिवासन यांनी अस्पृश्यांच्या संरक्षणाची योजना मांडली. तीत त्यांनी बहिष्कार हा फौजदारी गुन्हा ठरवायची मागणी केली आणि कलमांचा मसुदाच जोडला, 1922 च्या ब्रह्मदेशातल्या बॉयकॉटविरोधी कायद्यावरून घेतलेला. घर किंवा जमीन भाड्याने न देणे, व्यवहार न करणे, मजुरीला न जाणे किंवा न लावणे, नेहमीचे संबंध तोडणे, हे सगळे त्यात गुन्ह्याच्या व्याख्येत होते. ब्रिटिशांचा तो कायदा ब्रह्मी राष्ट्रवाद्यांना चिरडण्यासाठी केलेला होता, हे आंबेडकरांना माहीत नसेल असे मानायला मी तयार नाही. साम्राज्याने बळकटांच्या बचावासाठी घडवलेले कलम त्यांनी उचलले आणि दुबळ्याच्या हाती दिले. दिशा उलटवली. 1947 च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या मसुद्यातही ही मागणी आहे. संविधानात ती तशी आली नाही. तेव्हा ती आली असती तर गावकीच्या किती बैठका भरल्याच नसत्या.

याच कुलाबा जिल्ह्यात, महाडनंतर सहा वर्षांनी, आणखी एक गोष्ट घडली. अलिबागजवळच्या खारेपाटात चरी नावाचे गाव आहे. 27 ऑक्टोबर 1933 ला तिथे आसपासच्या पंचवीस गावांतल्या कुळांनी ठरवले की खोतांची जमीन कसायची नाही. नेते नारायण नागू पाटील. एक हंगाम नव्हे, 1939 पर्यंत शेते ओसाड ठेवली. लाकूडफाटा विकून, मिळेल ती मजुरी करून माणसे जगली, पण खोताच्या भाताला विळा लावला नाही. आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि 17 सप्टेंबर 1937 ला मुंबई विधिमंडळात त्यांनी खोती रद्द करण्याचे विधेयक आणले. या संपामुळे कूळ या शब्दाला कायद्यात जागा मिळण्याचा रस्ता उघडला. हा खरा बॉयकॉट. मेयोच्या बायकांचा आणि करड्याच्या बलुतेदारांचा वारसा चरीच्या आगरी कुळांनी चालवला, आणि तोही आयर्लंडपेक्षा कितीतरी लांब दमाने. चरीचा रायगड आणि गावकीचा रायगड एकच आहे. ज्यांच्या आजोबांनी खोताविरुद्ध सहा वर्षे उपाशी काढली, त्यांचेच नातू आज पंच होऊन शेजारच्या घरचे पाणी तोडतात आणि वर आजोबांचे हत्यार चालवतो म्हणून सांगतात. यापेक्षा निर्लज्ज चोरी मला ठाऊक नाही.

कुणी म्हणेल, हत्यार तेच, मग तुमचे ते चांगले आणि आमचे वाईट कसे? हा प्रश्न माझ्या आधी फार मोठ्या माणसाला पडला होता. डिसेंबर 1955 मध्ये अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात काळ्यांनी बसमध्ये बसणे सोडले आणि पुढचे 381 दिवस ते पायी चालले. मार्टिन ल्यूथर किंगला सुरुवातीलाच शंका आली, आणि त्याने 1958 च्या आपल्या पुस्तकात ती लिहून ठेवली आहे. गोऱ्यांच्या सिटिझन्स कौन्सिल हेच करत होत्या: हक्क मागणाऱ्या काळ्याची नोकरी घालवायची, कर्ज थांबवायचे, दुकान बसवायचे. आपणही तेच करतोय का, हा त्याचा सवाल होता. त्याने स्वतःला दिलेले उत्तर असे की आपण बस कंपनीला उपाशी मारायला निघालेलो नाही, आपण एका दुष्ट व्यवस्थेला दिलेला हात काढून घेतो आहोत. मला हे उत्तर पूर्ण पटते. गांधींनीही असहकाराच्या दिवसांत ‘यंग इंडिया’त बजावले होते की विरोधकाचे पाणी तोडणे, वैद्य बंद करणे ही हिंसाच आहे. चार्ल्स बॉयकॉटच्या धोबिणीने आपले श्रम काढून घेतले. ते तिचे स्वतःचे होते. पाणवठा पंचांच्या बापाचा नाही. रस्ता, स्मशान, रेशनचे दुकान, शाळेचे आवार त्यांचे नाही. जे आपले नाही ते ‘काढून घेण्या’ला लुबाडणे म्हणतात.

जर्मनीने हा शब्द घेतला होता हे मी वर लिहिले. 1 एप्रिल 1933 ला तिथे सत्ताधारी नाझी पक्षाने ज्यूंच्या दुकानांचा ‘बॉयकॉट’ पुकारला, दारांवर गणवेशातली माणसे उभी केली आणि काचांवर घोषणा रंगवल्या. सरकार, पोलीस आणि बहुसंख्या एका बाजूला, आणि दुकानाच्या काउंटरमागे बसलेला एक माणूस दुसऱ्या बाजूला. शब्द मेयोचा, काम खोताचे. आमच्याकडे 2025 मध्ये अहिल्यानगर जिल्ह्यातल्या मढीच्या ग्रामसभेने कानिफनाथांच्या यात्रेत मुसलमान व्यापाऱ्यांना दुकाने लावू न देण्याचा ठराव केला, तेव्हा मला तीच काच आठवली. यात्रेत बांगड्या आणि रेवड्या विकणाऱ्याच्या पोटावर पाय देणे यात कसले शौर्य आहे? ज्याला हे शौर्य वाटते त्याने मोठ्या कंपनीविरुद्ध, बँकेविरुद्ध, साखर कारखान्याच्या अध्यक्षाविरुद्ध एकदा ते करून दाखवावे.

कायद्याची गोष्ट थोडक्यात. मुंबई राज्याने 1949 मध्ये जातीबाहेर किंवा धर्मसमाजाबाहेर टाकण्याला बंदी केली होती. दाऊदी बोहरा धर्मगुरूंच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1962 साली तो कायदा रद्द केला. सरन्यायाधीश सिन्हा यांनी विरोधी मत नोंदवले, ते एकटेच. मग पन्नास वर्षे काही नाही. 2013 मध्ये नाशिकला आंतरजातीय लग्न केलेल्या गरोदर मुलीचा बापानेच खून केला, जातीच्या दबावाची चर्चा झाली, आणि अंधश्रद्धा निर्मूलन समितीने जातपंचायतींविरुद्ध मोहीम उघडली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये समितीचे संस्थापक नरेंद्र दाभोलकर यांना गोळ्या घातल्या गेल्या. मोहीम थांबली नाही. विधिमंडळाने एप्रिल 2016 मध्ये सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा मंजूर केला, तो 2017 पासून लागू झाला, आणि असा कायदा करणारे महाराष्ट्र देशातले पहिले राज्य ठरले. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. अनुसूचित जाती-जमातींवरील अत्याचारांच्या कायद्यातही आता सामाजिक आणि आर्थिक बहिष्काराचे कलम आहे.

कायदा आहे आणि गावकी त्याला भीत नाही, कारण साक्षीदार म्हणून अख्ख्या गावाला स्वतःविरुद्ध उभे राहावे लागते. ठाण्यात गेलेल्या कुटुंबाला हवालदार विचारतो, ‘कुणी मारलं का? शिवी दिली का? मग बोलत नाहीत हा काय गुन्हा झाला?’ तडजोड करा म्हणतात. तडजोड म्हणजे कुटुंबाने गावकीची माफी मागायची, दंड भरायचा, नारळ द्यायचा, आणि तक्रार मागे घ्यायची. गुन्हेगार दंड वसूल करतात आणि पोलीस ठाणे त्याला शांतता म्हणते.

म्हणून माझी मागणी शब्दांपुरती नाही. गावकीची वही असते. कुणाला कधी बोलावले, किती दंड लावला, किती भरला, कुणाची सोडवणूक झाली, हे त्यात तारखेनिशी लिहिलेले असते, कारण पैशाचा हिशोब ठेवावाच लागतो. कुणी बोलत नाही, असे म्हणणाऱ्या तपास अधिकाऱ्याने आधी ती वही जप्त करावी. बहिष्काराची बैठक भरणार असल्याची खबर मिळाली तर ती रोखण्याचा अधिकार या कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांना दिला आहे; रायगड आणि रत्नागिरीच्या जिल्हाधिकाऱ्यांनी आजवर किती वेळा तो वापरला ते जाहीर करावे. आणि यापुढे एखादा पंच ‘फक्त बॉयकॉट केलाय’ म्हणाला तर फिर्याद लिहून घेणाऱ्याने ते वाक्य ऐकणाऱ्याच्या तोंडून शब्दशः कागदावर उतरवावे आणि पुरावा म्हणून कोर्टापुढे ठेवावे.